गल्लीतलं खत आणि बंद पडलेले दिवे

प्रश्न : चार इमारतींनी मिळून आम्ही एएलएम, म्हणजे महापालिकेच्या साथीने गल्लीची स्वच्छता पाहणारं रहिवाशांचं मंडळ, सुरू केलं. चाळीस घरांचा ओला कचरा दोन टाक्यांत जिरवतो. दोन महिने बरे गेले, आता घाण वास येतो, अळ्याही झाल्यात. तळमजल्यावरचे लोक ‘बंद करा’ म्हणतात. काय चुकलं?

उत्तर : दोन गोष्टी. पाणी जास्त झालंय आणि टाक्या कमी पडताहेत.

घरटी अर्धा किलो धरला तरी रोज वीस किलो कचरा येतो. त्यात पाऊण भाग पाणीच. नुसताच टाकला की तो दबून बसतो, आत हवा जात नाही आणि कुजण्याऐवजी सडतो. म्हणून एक बादली कचऱ्याला एक बादली सुका पाला, रोज. वर दोन इंच पाला अंथरला की माश्या बसत नाहीत. अळ्या तशा निरुपद्रवी, उलट कचरा खातात; पण तळमजल्यावर हे पटवू नका, पाला घाला. पावसाळ्यात तो मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच पोती भरून ठेवा. झाडलोट करणाऱ्यांना आधी सांगितलं तर ते पाला जाळत नाहीत, देतात. अगदीच नसला तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंक असतो.

मूठभर माल घट्ट दाबून पाहा. बोटांतून पाणी गळलं तर पाला वाढवा, ढेकूळ न होता भुगा झाला तर पाणी शिंपडा. आठवड्यातून दोनदा तळापासून उलथवा. रश्शाचं उरलेलं पाणी घरीच निथळून टाकायला सांगा.

आता टाक्यांचं. तीन-तीन फुटांची टाकी तुमच्या कचऱ्याने महिन्याभरात भरते, खत व्हायला मात्र दीड ते दोन महिने लागतात. दुसरी भरली तरी पहिलीतलं कच्चंच असतं. ते उपसलं की गल्लीभर वास. तिसरी टाकी बांधा. पहिलीतलं घमेलंभर खत नव्या टाकीच्या तळाशी विरजण म्हणून घाला.

प्लास्टिक सापडलेली बादली त्याच घरी, त्याच दिवशी परत. हे काम अध्यक्षांकडे देऊ नका, त्यांना शेजार सांभाळायचा असतो.

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या गल्लीतले तीन दिवे बंद आहेत. मंडळाने वॉर्ड ऑफिसला तीन पत्रं दिली, काही हललं नाही.

उत्तर : रस्त्यावरचे दिवे कोणाकडे, हे मुंबईत भागागणिक बदलतं. शहर भागात बेस्ट, उपनगरांत बहुतांशी अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. पत्रं वॉर्डातून पुढे जाईपर्यंत पावसाळा येतो. थेट वीज कंपनीकडे तक्रार करा आणि खांबावर रंगवलेला नंबर लिहा. ‘देवळासमोरचा दिवा’ लाइनमनला सापडत नाही. तीन खांब, तीन वेगळ्या तक्रारी, कारण एकीत घातल्या तर एक दिवा लागताच ती निकाली निघू शकते. तक्रार क्रमांक वहीत तारखेसह टिपा. खड्डे, तुंबलेलं गटार यांसाठी मात्र महापालिकेचा १९१६.