रूममेटच्या सोबतीला राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. लेक अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, शनिवारी रात्री तिच्या ब्लॅक रूममेटवर ग्रुपमधल्याच एका मुलाने जबरदस्ती केली, तो मुलगाही ब्लॅक, आणि रूममेट पोलिसांचं नाव काढू देत नाही. "माझ्या मुलीने यात पडावं का?" असं तुम्ही विचारलंय. रूममेटने सगळ्यांत आधी तिलाच सांगितलं, म्हणजे ती यात आहेच.

मी इथे अकरा वर्षं एका हॉस्पिटलमध्ये स्वयंसेविका आहे. अशी मुलगी आली की फोन येतो, जाऊन शेजारी बसायचं. वकील नाही, डॉक्टर नाही.

आधी घड्याळ बघा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. पुरावे गोळा करणारी तपासणी राज्यानुसार साधारण तीन ते पाच दिवसांपर्यंत होते. ती करायला पोलिसांत तक्रार द्यावी लागत नाही, तिचे पैसेही पडत नाहीत. तपासणी झाली म्हणजे केस झाली असं नाही, फक्त पुढचा दरवाजा उघडा राहतो. 'सेन' म्हणजे लैंगिक अत्याचाराच्या तपासणीचं खास प्रशिक्षण घेतलेली नर्स आहे का, हे फोन करून विचारूनच जावं. आणखी एक, जे तिथे कोणी आपणहून सांगेलच असं नाही: गडद त्वचेवर वळ नीट दिसत नाहीत. दुखतंय ती प्रत्येक जागा रूममेटने बोलून दाखवावी आणि नोंदवायला लावावी. काही ठिकाणी वेगळ्या प्रकाशाचा दिवा असतो, तो मागावा.

आता पोलिसांचं. कृपा करून तुमच्या मुलीला "तिला समजाव" असं सांगू नका. १९४४ मध्ये अलाबामात रेसी टेलर या ब्लॅक बाईवर गोऱ्या तरुणांनी बलात्कार केला. एनएएसीपी या ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेतर्फे चौकशीला गेल्या होत्या रोझा पार्क्स, पुढे बसमधल्या जागेवरून गाजलेल्या त्याच, तरी आरोपपत्रसुद्धा झालं नाही. दुसऱ्या बाजूला, गोऱ्या बाईच्या नुसत्या आरोपावरून काळ्या पुरुषांना झाडाला लटकवल्याचा इतिहास. १९५९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासीत, फ्लोरिडा ए अँड एम या ब्लॅक विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीवर चार गोऱ्यांनी बलात्कार केला, तेव्हा विद्यार्थ्यांनी वर्ग बंद पाडले आणि चौघांनाही जन्मठेप झाली. तिथे अख्खा कॅम्पस तिच्या मागे उभा राहिला. आरोपी आपल्यातलाच असला की चित्र पालटतं. २०१६ मध्ये स्पेलमन या ब्लॅक मुलींच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीला शेजारच्या मोअरहाउस या ब्लॅक मुलांच्या कॉलेजातल्या मुलांवरचा आरोप निनावी ट्विटर खात्यावरून मांडावा लागला. नाव घेतलं तर "आपल्याच पोराला पोलिसांच्या तोंडी दिलंस", गप्प बसली तर रोज मेसमध्ये त्याचं तोंड बघायचं. जेनिफर गोमेझ या मानसशास्त्रज्ञ याला सांस्कृतिक विश्वासघात म्हणतात. तुमच्या लेकीने हे तिला समजावू नये, ते तिला ठाऊक आहे. स्वतःला ठाऊक असू द्यावं.

कॉलेजबद्दल एक सावधगिरी. हॉस्टेलचा आरए (मजल्यावर देखरेख ठेवणारा विद्यार्थी) कितीही गोड असो, ऐकलं की बहुतेक ठिकाणी त्याला ते कॉलेजमधल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी बघणाऱ्या टायटल नाइन ऑफिसला कळवावंच लागतं. बहुतेक प्राध्यापकांचंही तेच. गुप्त राहतं ते समुपदेशक, आरोग्यकेंद्र आणि पाद्री यांच्याकडे. म्हणून कोणाशीही बोलण्याआधी एकच प्रश्न: "हे तुम्हाला पुढे कळवावं लागेल का?" टायटल नाइन हा शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा १९७२ चा कायदा. त्याखाली औपचारिक तक्रार न करताही खोली बदलून मिळते, वर्गाची वेळ बदलते, परीक्षा पुढे ढकलता येते. हे आधी मागावं. औपचारिक तक्रार केली तर समोरच्याचा सल्लागार तिची उलटतपासणी घेतो, आणि ती सोपी नसते. ते करायचं की नाही, हे तिचं तिने, तिच्या वेळेने ठरवावं. लैंगिक अत्याचार झालेल्यांना मदत करणाऱ्या 'रेन' संस्थेची हेल्पलाइन २४ तास चालू असते: ८००-६५६-४६७३. ब्लॅक थेरपिस्ट हवी असेल तर 'थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स'ची यादी आहे.

"तू किती स्ट्राँग आहेस" हे मात्र चुकूनही म्हणू नये. तीन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, डोळ्यांत टिपूस नाही. बाहेर कोणीतरी म्हणालं, "ही तर अगदी नॉर्मल वाटते." तिला ऐकू गेलं. तपासणीत कपडे कागदी पिशव्यांत गेले, डोक्यावरचे सुटे केस पडताहेत का म्हणून वेण्यांतून कंगवा फिरवला. हॉस्पिटलची टोपी त्या वेण्यांवर बसेना. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, म्हणाली, माझं बॉनेट खोलीवर राहिलं. ते रात्री केसांना बांधायचं सॅटिनचं असतं, मलाही तोवर माहीत नव्हतं. मैत्रिणीने पहाटे चार वाजता आणून दिलं.

हॉस्पिटलला जायचं ठरलं तर लेकीला बॅग भरायला सांगा: सैल पँट, टीशर्ट, अंतर्वस्त्रं, चप्पल, चार्जर, आणि ते बॉनेट. रूममेटच्या उशाशीच असेल.