फवारणीचं किट कोणी घ्यायचं?

प्रश्न : माझी चार एकर पऱ्हाटी आहे. फवारणीला येणारा गडी म्हणतो, हातमोजे, चष्मा, गमबूट तुम्ही आणा. मजुरी देतोच, वर कपडेही मीच द्यायचे का? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : हो भाऊ, तुम्हीच. रोजचा सदरा-पायजमा त्याचा, पण विषापासून वाचवणारे कपडे त्याच्या मजुरीतून कसे काढणार? औषध तुमचं, पऱ्हाटी तुमची. कीटकनाशक नियम, 1971 नुसार फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे हवेतच.

2017 साली तुमच्याच जिल्ह्यात काय झालं, आठवा. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, त्यातून माणसं पाठीवर पंप घेऊन अनवाणी शिरायची, तोंडाला फक्त दुपट्टा. फवारा उलटून अंगावर यायचा. कित्येक जण दगावले.

कापसाच्या भावात तुमचीही ओढाताण होते, मान्य. मग चौघांनी मिळून दोन संच घ्या, आळीपाळीनं वापरा. मात्र प्रत्येक वापरानंतर धुवा, आणि तेही तुमच्याच वावरात. गड्याच्या घरी पाठवलेत तर त्याची बायको ते लेकरांच्या कपड्यांतच धुणार. दुपारच्या उन्हात रबरी हातमोजे कोणी घालत नाही, म्हणून फवारणी सकाळीच उरका.