काकूंच्या छताकडे आधी बघा

पत्र: जुन्या नाशकात तिवंध्याजवळ आमचा वाडा आहे. आम्ही माडीवर, खाली चुलत सासूबाई. गेल्या दिवाळीत सात किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं. मोरीत जागा नव्हती म्हणून मधल्या खोलीत ठेवलं, आणि उंदरांच्या भीतीने चाकांच्या स्टँडवर. कपडे पिळायला लागलं की अख्खी माडी हादरते, मशीन सरकत पुढे येतं आणि खाली काकूंच्या देव्हाऱ्यावर माती झडते. नळाला पाणी सकाळीच, त्यामुळे माझं धुणं आणि त्यांची पूजा एकाच वेळी. यांनी रबराचे पॅड आणले, काही फरक नाही. मेकॅनिक म्हणतो बेअरिंग गेलं. काकूंनी बोलणं टाकलंय. मशीन विकून टाकू, की त्यांच्याकडे काणाडोळा करू? – हैराण सूनबाई

सूनबाई, दोन्ही नको. काकूंची तक्रार खरी आहे. कडीपाटावर (लाकडी कड्या आणि त्यांच्यावरच्या फळ्या) मातीची भर असते आणि तिच्यावर कोबा किंवा फरशी. पाट हादरले की फटींतून ती माती खाली येणारच. त्यांच्या देवांवर रोज माती पडत असेल तर त्या बोलत नाहीत यात नवल नाही.

बेअरिंगवर पैसे घालण्याआधी मशीन रिकामं ठेवून फक्त स्पिन लावा, मिनिटाला 800 फेऱ्यांवर, आणि ऐका. बेअरिंग गेलेलं असेल तर रिकामं असतानाही घरघर येते आणि वेग वाढेल तशी वाढत जाते. मशीन बंद करून ड्रम हाताने फिरवला तरी खरखर जाणवते. तुमच्याकडे बहुधा वेगळंच होत असेल: वेग चढताना एका ठराविक टप्प्यावर दणके बसतात, पुढे कमी होतात आणि थांबताना नेमके त्याच टप्प्यावर परत येतात. तसं असेल तर दोष जमिनीचा. प्रत्येक लाकडी माडीला स्वतःचा एक झुलण्याचा वेग असतो. ड्रमचा वेग त्याच्याशी जुळला की थोडक्या हिसक्यानेही माडी डोलायला लागते.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी बघून घ्या. मागच्या पत्र्यावर वाहतुकीचे बोल्ट राहिलेत का? ते चार असतात, काही मॉडेलांत तीन. राहिले असतील तर ड्रम स्प्रिंगवर लोंबकळण्याऐवजी सांगाड्याला जखडलेला राहतो आणि सगळा मार जमिनीला बसतो. ते काढून भोकांना टोप्या लावा, पण बोल्ट जपून ठेवा, मशीन हलवताना लागतात. दुसरं, ड्रम वरून दाबून सोडा. तो वर येऊन एखाद्या हेलकाव्यात स्थिरावला पाहिजे. डुलत राहिला तर खालचे शॉकअप (धक्के झेलणारे दांडे) गेलेत. ते बदलायचे तर जोडीनेच.

आता जागा, आणि खरी मेख इथेच आहे. लाकडी कडी मधोमध सगळ्यात जास्त वाकते आणि भिंतीत किंवा तुळईवर (कड्यांना आधार देणारा जाड वासा) टेकलेल्या टोकाशी जवळजवळ वाकतच नाही. तुमचं मशीन बहुधा खणाच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या भागाच्या, मध्यावर उभं आहे. पण कड्या कुठून कुठे जातात हे माडीवरून कळत नाही, फरशीने झाकलेलं असतं. ते दिसतं ते काकूंच्या छतात. म्हणून अबोला राहू द्या बाजूला, खाली जा आणि सांगा, "काकू, माती थांबवायची आहे, कड्या बघायला येऊ का?" टेप घेऊन जा. बाहेरच्या भिंतीपासून प्रत्येक कडी किती इंचांवर आहे, तुळई कुठे आहे आणि कड्यांची टोकं कुठल्या भिंतीत शिरली आहेत, हे कागदावर उतरवा. मग वर येऊन तीच मापं फरशीवर खडूने मारा.

खाली असतानाच कड्यांची टोकं तपासा, विशेषतः मोरीखालची. पाणी मुरून लाकूड आधी तिथेच कुजतं. जाडसर स्क्रू ड्रायव्हर टोचा: लाकूड टणक लागलं तर ठीक, तो सहज आत शिरला, भुसा पडला किंवा मातीच्या बारीक नळ्या (म्हणजे वाळवी) दिसल्या तर त्या भागात मशीन अजिबात नको. कडी मधून लवलेली किंवा चिरलेली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. दर पावसाळ्याआधी महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, त्या उगाच नाहीत.

टोकं धड असतील तर मशीन तिकडे न्या, भिंतीलगत, पण भिंतीला चिकटवून नको. दोन इंच मोकळे ठेवा, नाहीतर भिंतच वाजायला लागेल. खाली फळी घाला. 18 मिलिमीटरचे वॉटरप्रूफ प्लायवूडचे दोन तुकडे, तीन फूट बाय अडीच फूट, एकमेकांवर गोंदाने चिकटवून वीतभर अंतरावर 30 मिलिमीटरचे स्क्रू. लांब बाजू कड्यांना आडवी टाकायची, म्हणजे वजन दोन-तीन कड्यांवर वाटलं जातं. फळी घसरू नये म्हणून खाली पातळ रबर शीट. कुणी कडप्पा टाकायला सांगेल. तळमजल्यावर चालेल, पण अडीच फूट चौरस आणि 40 मिलिमीटर जाडीचा दगड साठ किलोच्या आसपास भरतो. मशीन स्वतःच साठ-सत्तर किलोंचं. जुन्या कड्यांवर एवढा बोजा कशाला?

चाकांचं स्टँड आजच काढा, चाकं ब्रेकवाली असली तरी. रबराचे पॅडही काढा. ते कडक फरशीवरचा आवाज थोडा मारतात, डोलणाऱ्या माडीपुढे त्यांचं काही चालत नाही. मशीनचे स्वतःचे चार पाय फळीवर टेकवा, वर स्पिरिट लेव्हल ठेवा, आधी डावी-उजवी, मग पुढे-मागे. पातळी जमली की समोरासमोरचे कोपरे आलटूनपालटून दाबा. जराही खुळखुळ झाली तर एक पाय अधांतरी आहे. शेवटी प्रत्येक पायाची चेकनट (पाय फिरू न देणारी नट) वर, मशीनच्या तळाला घट्ट आवळा. लोक हे विसरतात आणि पाय आपोआप फिरून पातळी जाते. धुण्याच्या चार-पाच खेपांनंतर लेव्हल पुन्हा बघा, फळी बसते थोडी.

वेगाचा हिशोब काकूंनाही सांगा. ड्रममध्ये एका बाजूला फक्त 300 ग्रॅम वजन जास्त असेल तर 1200 फेऱ्यांवर त्याचा ओढा सुमारे 120 किलोंचा होतो, तोही सेकंदाला वीस वेळा दिशा बदलणारा. बराचसा स्प्रिंग आणि शॉकअप झेलतात, उरलेला माडीला. 800 वर तो 54 किलोंच्या आसपास येतो, 600 वर तीसवर. उन्हाळ्यात आणि थंडीत नाशिकच्या कोरड्या हवेत 600 वर पिळलेले कपडे गच्चीवर मजेत वाळतात. पावसाळ्यात 800 करा. 1200 या माडीसाठी नाहीच.

हे 300 ग्रॅम कुठून येतात? एकटी जीन्स, एकटं पायपुसणं, एकटी चादर. जड वस्तू एकटी टाकू नका, जोडीला दोन-तीन टॉवेल द्या. ड्रम तीन चतुर्थांशच भरा. गोधडी मशीनमध्ये घालूच नका. ती पाणी पिऊन एका अंगाला गोळा होते आणि मशीन तिच्याशी झटापट करत बसतं. उशीच्या खोळींची तोंडं बंद करा, नाहीतर सगळे मोजे आत जाऊन गाठोडं होतं.

आणि पूजेची वेळ. पाणी धुताना लागतं, शेवटच्या पिळण्याला नाही. तुमच्या मशीनवर "रिन्स होल्ड" असेल तर ते लावा: कपडे खळबळून पाण्यात थांबतात. नसेल तर "नो स्पिन" निवडा. काकूंची आरती झाली की नुसतं स्पिन लावा, दहा-बारा मिनिटांचं काम. मधल्या खळबळण्यात हलकं पिळणं होतं, तेवढं चालवून घ्या म्हणून आधीच सांगून ठेवा.

पहिल्या दिवशी काकूंना देव्हाऱ्यापाशी उभं करा आणि वरून आधी 600, मग 800 लावा. कुठल्या वेगाला माती पडते ते त्याच सांगतील, आणि त्यांनी पास केलेला वेग कायमचा. देव्हाऱ्यावरच्या पाटांच्या फटींना खालून सागाच्या बारीक पट्ट्या तुमच्या खर्चाने मारून द्या. भिंतीला तडा असेल तर त्याच्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहा. महिन्याभरात पट्टी फाटली तर भिंत सरकतेय. मशीन बंद, आणि इंजिनिअरला बोलवा.

ता.क. उंदरांसाठी स्टँडची गरज नाही. मशीनचा तळ उघडा असेल तर बारीक छिद्रांची जाळी लावा, पण पाय मोकळे ठेवा. आणि जागा बदलताय तर नव्या जागी अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड नको. गरम पाण्याचा हीटरच सुमारे दोन हजार वॅटचा असतो, आणि जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये अर्थची तार पुष्कळदा नुसती लोंबत असते. वायरमनकडून अर्थिंग तपासून खात्री करून घ्या, मगच प्लग घाला.