वाचकांचे प्रश्न : थांबलेल्या कारकिर्दींची तुलना कशी करावी?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल हा या सदराचा नेहमीचा विषय नव्हे. परंतु या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे आजारपणामुळे खेळ थांबलेल्या खेळाडूंविषयीच आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : हँक गॅदर्स आणि रेजी लुईस हे दोघेही तरुणपणी हृदयविकाराने गेले. माझ्या मते गॅदर्स श्रेष्ठ होता, कारण एकाच हंगामात गुण आणि रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) या दोन्हींत तो देशात पहिला आला होता. माझा मित्र म्हणतो की, लुईस एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक साखळीत, सिद्ध झाला आणि गॅदर्स झाला नाही, तेव्हा वाद तिथेच संपतो. आपण निकाल द्यावा. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले आणि आपल्या मित्राचे दोघांचेही म्हणणे आकड्यांच्या दृष्टीने बरोबर आहे, पण दोन्ही आकडे थोडे सोलून पाहावे लागतील.

१९८८-८९ च्या हंगामात लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाकडून खेळताना गॅदर्सने सामन्यामागे ३२.७ गुण आणि १३.७ रिबाउंड अशी सरासरी राखली. अव्वल श्रेणीच्या महाविद्यालयीन स्पर्धेत हा दुहेरी मान त्याच्यापूर्वी केवळ विचिटा स्टेटच्या झेवियर मॅकडॅनियलला मिळाला होता. मात्र प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांचा हा संघ चेंडू हाती येताच काही सेकंदांत फेक करीत असे आणि प्रतिस्पर्ध्यालाही तसेच धावायला लावत असे. पुढच्या, म्हणजे १९८९-९० च्या हंगामात या संघाची सरासरी सामन्यामागे १२२.४ गुणांची होती. जिथे फेकीच इतक्या होतात, तिथे एका खेळाडूचे गुण आणि चुकलेल्या फेकींवर मिळणारे रिबाउंड, दोन्ही फुगतात. त्या हंगामात तर देशातील सर्वाधिक सरासरी गॅदर्सची नव्हे, त्याच्याच संघातील बो किंबलची होती, ३५.३ गुणांची. म्हणून गॅदर्सचे माप मी त्या सरासरीवरून काढणार नाही. ते काढायचे तर फेब्रुवारी १९९० मधल्या लुइझियाना स्टेटविरुद्धच्या सामन्यावरून काढावे. समोर पुढे एनबीए गाजवणारा धिप्पाड शकील ओनील उभा असताना सुमारे दोन मीटर उंचीच्या या खेळाडूने बास्केटखाली शिरून ४८ गुण केले. सामना जादा वेळेत १४८-१४१ असा हातून गेला, तरी अशी कामगिरी केवळ वेगाच्या जोरावर होत नाही. शिवाय त्या दिवशी तो हृदयाचे ठोके आवरणाऱ्या औषधावर होता.

त्या औषधाची पार्श्वभूमी अशी. ९ डिसेंबर १९८९ रोजी सांता बार्बराविरुद्धच्या सामन्यात तो फ्री थ्रोच्या रेषेवर कोसळला. हृदयाची लय बिघडत असल्याचे निदान झाले आणि बीटा ब्लॉकर प्रकारचे औषध सुरू करण्यात आले. हे औषध ठोके संथ ठेवते. साहजिकच, देशातील सर्वांत धावत्या संघातल्या खेळाडूला ते पायांत बेड्या घातल्यासारखे वाटले असणार. त्याने तक्रार केली आणि मात्रा कमी होत गेली. ४ मार्च १९९० रोजी प्रादेशिक स्पर्धेतल्या, पोर्टलंड विद्यापीठाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात हवेतच चेंडू झेलून त्याने तो बास्केटमध्ये घातला आणि काही क्षणांतच, स्वतःच्याच विद्यापीठाच्या मैदानावर, तो खाली पडला. त्याचे वय २३ होते.

लुईसचे चित्र वेगळे आहे. बॉल्टिमोरच्या डनबार हायस्कूलमध्ये तो पहिल्या पाचांतही नव्हता. राखीव म्हणून उतरत असे. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात त्याने चार वर्षांत २,७०८ गुण केले आणि चारही वर्षे संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेले. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, बोस्टन सेल्टिक्सने त्याला बाविसाव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या वर्षी तो बहुधा बाकावरच होता; शेवटच्या दोन्ही हंगामांत मात्र त्याची सरासरी २०.८ होती आणि लॅरी बर्डच्या निवृत्तीनंतर कर्णधारपदही त्याच्याकडेच आले होते. मायकेल जॉर्डनच्या फेकी एकाच सामन्यात चार वेळा अडवणारा खेळाडू म्हणून जुने रसिक त्याची आठवण काढतात.

२९ एप्रिल १९९३ रोजी शार्लटविरुद्ध तो मैदानावर कोसळला. समोरच्या संघात डनबारचा त्याचा जुना सहकारी मग्सी बोग्स होता. त्यानंतर तज्ज्ञांच्या एका मोठ्या गटाने हृदयाचे स्नायू विकारग्रस्त असल्याचे सांगितले, म्हणजेच खेळ संपला. दुसऱ्या मतानुसार हा मज्जासंस्थेशी निगडित भोवळीचा, तुलनेने निरुपद्रवी प्रकार होता. आपल्याला कोणते मत पटले असते, हे प्रत्येकाने सत्तावीस वर्षांच्या कर्णधाराच्या जागी उभे राहून स्वतःशी विचारावे. २७ जुलै १९९३ रोजी हलका सराव करताना तो गेला.

आता निकाल. महाविद्यालयीन खेळाडू म्हणून एका हंगामाच्या उंचीत गॅदर्स, चार वर्षांच्या सातत्यात लुईस. आणि बास्केटबॉलपटू म्हणून माझे मत लुईसच्या पारड्यात पडते, कारण दरवर्षी त्याच्या खेळात काहीतरी नवे येत गेले याचा पुरावा आपल्यासमोर आहे. ‘गॅदर्स जगला असता तर’ या मुद्द्यावर मी बोलणार नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काय म्हटले असते, हे आपण जाणताच.

या जोडीत तिसरे नाव आपण घेतले नाहीत, ते मी घेतो : पीट मॅराविच. लुइझियाना स्टेटकडून अवघ्या ८३ सामन्यांत ३,६६७ गुण, सरासरी ४४.२, आणि तेही लांबच्या फेकीला तीन गुण देणारी रेषा अस्तित्वात नसताना. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघातून खेळता येत नसे, म्हणून त्याच्या वाट्याला तीनच हंगाम आले. पाच हंगाम खेळायला मिळालेला डेट्रॉइट मर्सीचा अँटवान डेव्हिस २०२३ मध्ये ३,६६४ वर थांबला, तीन गुण कमी! मॅराविच पुढे दहा वर्षे एनबीएत खेळला, गुडघ्याने दगा दिल्यावर १९८० मध्ये थांबला आणि ५ जानेवारी १९८८ रोजी, चाळिसाव्या वर्षी, पॅसाडीना येथे मित्रांसोबत गमतीचा सामना खेळताना कोसळून गेला. शवविच्छेदनात आढळले की, हृदयाला रक्त पुरवणारी डावी रोहिणी त्याला जन्मतःच नव्हती. उजवीवरच सगळा भार होता. त्याचा दोष कोणाला कळला नाही, म्हणून तो खेळला. गॅदर्स आणि लुईस यांचा कळला होता. आजारांची तुलना करायचीच असेल, तर आधी कोणाला काय ठाऊक होते, हे पाहिले पाहिजे.

प्रश्न : या यादीत मेरीलँडच्या लेन बायसचे नाव सर्वांत वर असायला हवे, नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खेळाडू म्हणून, होय. १९८६ च्या ड्राफ्टमध्ये सेल्टिक्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले आणि दोनच दिवसांनी, १९ जून रोजी, तो गेला. पण त्याच्या हृदयाची लय बिघडली ती कोकेनमुळे. त्याला आजारपणाच्या यादीत घालणे म्हणजे गॅदर्स आणि लुईस यांच्यावर नकळत अन्याय करणे होय. लुईस गेल्यावर अशीच कुजबुज काही काळ झाली होती, आणि त्याच्या कुटुंबाला त्याचा त्रास झाला.

प्रश्न : पोर्टलंडच्या एनबीए संघाने सॅम बोवी, ग्रेग ओडन असे ‘फसलेले’ खेळाडूच का निवडले? बिल वॉल्टनशी त्यांची तुलना होऊ शकते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ‘फसलेले’ हा शब्द आपण अवतरणात घातलात, हे बरे केलेत. केंटकीचा बोवी १९८४ मध्ये जॉर्डनच्या आधी निवडला गेला, म्हणून तो चुकीच्या निवडीचा कायमचा दाखला होऊन बसला. नडगीच्या हाडाने त्याला महाविद्यालयातच दोन हंगाम बाहेर बसवले होते. तरीही तो एनबीएत ५११ सामने खेळला. ज्याला सर्वश्रेष्ठांत गणतात तो वॉल्टन चौदा वर्षांच्या काळात ४६८ सामने खेळला! फरक आहे तो मिळालेल्या निरोगी महिन्यांत काय घडले याचा. वॉल्टनच्या पायांनी १९७७ च्या वसंतात साथ दिली आणि पोर्टलंडला विजेतेपद मिळाले. तत्पूर्वी यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून १९७३ च्या महाविद्यालयीन अंतिम सामन्यात त्याने २२ पैकी २१ फेकी अचूक मारून ४४ गुण केले होते. ओहायो स्टेटचा ओडन २००७ मध्ये केव्हिन ड्युरँटच्या आधी, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि गुडघ्यांमुळे १०५ सामन्यांत संपला. या तिघांपेक्षा मला अधिक हळहळ वाटते ती वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ब्रँडन रॉयची. गुडघ्यांत कूर्चाच उरली नाही, म्हणून त्याने २०११ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी निवृत्ती पत्करली. वर्षभराने मिनेसोटाकडून परतला तो पाच सामन्यांपुरता. हाडे आणि कूर्चा यांच्या बाबतीत निदान परत येऊन पाहता येते, हृदयाच्या बाबतीत तो प्रयोग करता येत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा शालेय संघात खेळतो आणि त्याच्या हृदयाच्या तपासणीत काही शंका निघाली आहे. आमचे डॉक्टर ‘खेळू द्या’ म्हणाले, तरी उद्या महाविद्यालय त्याला अडवू शकते का? (एक वाचक आई)

उत्तर : अडवू शकते. निकोलस नॅप हा इलिनॉयमधील खेळाडू १९९४ मध्ये शाळेत असताना हृदय बंद पडून कोसळला आणि वाचला. त्याच्या शरीरात, हृदय बंद पडल्यास त्याला विजेचा झटका देणारे उपकरण बसवण्यात आले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवली, पण खेळण्यास मनाई केली. काही तज्ज्ञ त्याच्या बाजूने होते, तरी १९९६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने असे ठरवले की, विद्यापीठाच्या डॉक्टरांनी वैद्यकीय पुराव्यावर विचारपूर्वक निर्णय घेतला असेल, तर न्यायालय त्यात स्वतःचे मत घुसडणार नाही.

अशा निर्णयांत एकवाक्यता नसते, याचीही तयारी ठेवा. बेलर विद्यापीठाचा सात फूट एक इंच उंचीचा आयझेया ऑस्टिन एका डोळ्याने पाहू शकत नसतानाही खेळत आला होता. पण जून २०१४ मध्ये ड्राफ्टच्या तोंडावर त्याला मार्फान सिंड्रोम असल्याचे निघाले. या जन्मजात विकारात शरीरातील जोडऊती सैल असतात, हातपाय लांब वाढतात आणि महाधमनी रुंदावून फाटण्याची भीती असते. म्हणजे जी उंची बास्केटबॉलला हवी असते, तिच्यामागेच तो दडून बसू शकतो. एनबीएने त्याला त्या रात्री केवळ सन्मान म्हणून ‘निवडले’. पुढे डॉक्टरांच्या परवानगीने तो सर्बियात व्यावसायिक सामने खेळला. फ्लोरिडाचा केऑन्टे जॉन्सन १२ डिसेंबर २०२० रोजी मैदानावर कोसळला. तेथे त्याचा खेळ पुन्हा सुरू झाला नाही. कॅन्सस स्टेटने मात्र त्याला घेतले, २०२२-२३ मध्ये त्याने सामन्यामागे १७.४ गुण केले आणि नंतर तो ड्राफ्टमध्येही निवडला गेला. जुलै २०२३ मध्ये सरावात कोसळलेला ब्रॉनी जेम्स, म्हणजे लेब्रॉन जेम्सचा मुलगा, जन्मजात हृदयदोषावर उपचार घेऊन त्याच डिसेंबरात खेळू लागला. यावरून परवानगीचा नियम काढू नका. प्रत्येकाचे हृदय आणि प्रत्येकाचा दोष निराळा होता.

अव्वल श्रेणीच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये हा धोका इतर महाविद्यालयीन खेळांपेक्षा बराच अधिक आहे. २००३ ते २०१३ या काळाच्या पाहणीत तो वर्षाला सुमारे ५,२०० खेळाडूंमागे एक मृत्यू इतका आढळला. म्हणून खेळाडूंच्या हृदयांचा खास अनुभव असलेल्या हृदयरोगतज्ज्ञाचे मत घ्या, कारण कसून सरावाने जाड झालेले निरोगी हृदय आणि आजाराने जाड झालेले हृदय यांतला भेद ओळखणे जाणकारांनाही जड जाते. शाळेच्या मैदानावर झटका देणारे यंत्र कोठे ठेवले आहे आणि सरावाच्या वेळी ते कुलूपबंद तर नसते ना, हे स्वतः जाऊन पाहा. दोन डॉक्टरांची मते भिन्न आली, तर जे गोड वाटते तेच मत खरे मानण्याचा मोह आई म्हणून होईल. अशा वेळी दोघांना एकमेकांशी बोलायला सांगा.

प्रश्न : अशा खेळाडूंच्या उपजीविकेचे पुढे काय होते? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आज विमा आणि निवृत्तिवेतन आहे. ते नव्हते तेव्हाचा एक दाखला देतो. पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस या छोट्या महाविद्यालयाचा मॉरिस स्टोक्स इतका भारी होता की, १९५५ च्या एनआयटी या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत त्याचा संघ चौथा आला, तरी सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. पुढे एनबीएत सिनसिनाटीकडून खेळताना १२ मार्च १९५८ रोजी मिनियापोलिस येथे तो डोक्यावर आपटला, शुद्धीवर आणून त्याला पुन्हा खेळवण्यात आले, आणि तीन दिवसांनी पुढचा सामना खेळून परतताना विमानातच त्याला झटके आले. २०२ सामन्यांत सरासरी १७.३ रिबाउंड घेणारे ते शरीर त्यानंतर लुळे पडले. सिनसिनाटीच्या संघातील सहकारी जॅक ट्वायमन याने कायदेशीर पालकत्व घेतले, कामगार नुकसानभरपाई मिळवून दिली आणि खर्चासाठी दरवर्षी उन्हाळ्यात नामांकित खेळाडूंना जमवून सामना भरवला. स्टोक्स ६ एप्रिल १९७० रोजी गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे महाविद्यालयाच्या आवारातच त्याला पुरण्यात आले. २००४ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, स्थान मिळाले, तेव्हा त्याच्या वतीने तो सन्मान स्वीकारायला ट्वायमनच उभा राहिला होता.