इंटेक बदलल्यावर गाडी खरंच पळते का?

रिमॅपविषयी, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलण्याविषयी, लिहिल्यापासून येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त विचारणा इंटेकची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या फिल्टर-पाइपच्या संचाची आहे. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्या वाढल्या, आणि गाडीत काही करायचं म्हटलं की पहिला हात एअर फिल्टरच्या डब्याकडे जातो. अर्ध्या तासात काम होतं, बॉनेट उघडलं की चारचौघांना दिसतं, आवाजही बदलतो. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

माझी फोक्सवॅगन व्हर्टस 1.5 टीएसआय (टर्बो पेट्रोल) आहे, पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी. एका दुकानदारानं कोल्ड एअर इंटेकचे (बाहेरची गार हवा घेणाऱ्या इंटेकचे) 32 हजार सांगितले आणि 12 ते 15 एचपी वाढतील म्हणाला. घेऊ का? – वाचक, विश्रामबाग, सांगली

पॉवरसाठी घेणार असाल तर नको.

तुमच्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीच्या हिशोबानं चालतो. अमुक आरपीएमला 250 एनएम द्यायचा, हे त्यात आधीच लिहिलेलं असतं. फिल्टर मोकळा झाला की टर्बोला तेवढ्याच टॉर्कसाठी कमी कष्ट पडतात, आणि ईसीयू टर्बोला तेवढंच आवरतो. बूस्ट (टर्बोचा दाब) किंचित लवकर येतो, आकडा तोच राहतो. रिमॅप केल्याशिवाय त्या मोकळ्या श्वासाचा उपयोग करून घेणारं कुणी नाही.

दुसरं म्हणजे 15 एचपी हा तुमच्या गाडीच्या 150 एचपीचा दहावा भाग झाला. मूळ डब्यात एवढी अडवणूक असते का, हे कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता मोजता येतं. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा. एका फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा, तळाशी थोडं रंगीत पाणी घाला. एक टोक फिल्टरच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपला जोडा, दुसरं टोक उघडं ठेवा. पाइपला भोक पाडायचं जिवावर येत असेल तर डब्याचं जुनं झाकण मिळवा आणि त्याच्या स्वच्छ बाजूला निपल बसवा. यूच्या दोन्ही बाजू निदान मीटरभर उंच हव्यात आणि पाणी कमीच हवं, नाहीतर ते इंजिनात ओढलं जाईल. आता मोकळ्या रस्त्यावर, त्याहून बरं म्हणजे डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायच्या यंत्रावर), तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन रेड लाइनपर्यंत (आरपीएमच्या लाल खुणेपर्यंत) न्या. शेजारी बसलेल्यानं दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक पाहायचा.

हिशोब सोपा आहे. पाण्याचा 10 सेंटिमीटर फरक म्हणजे हवेच्या दाबाचा जेमतेम 1 टक्का. 25 सेंटिमीटर दिसला, तर जगातला सगळ्यात मोकळा फिल्टर बसवूनही अडीच टक्केच परत मिळणार, म्हणजे तुमच्या गाडीत चार घोडेसुद्धा (एचपी) नाहीत. तेही ईसीयूनं घेऊ दिले तर. 15 एचपी फिल्टरमागे अडकलेत असं म्हणायला पाण्याचा फरक मीटरभर दिसला पाहिजे. तसा दिसलाच, तर फिल्टर चोंदलाय. काही शे रुपयांचा नवा कागदी फिल्टर टाका.

फरक बऱ्यापैकी मोठा आला तर फिल्टर काढून, डबा बंद करून एकदाच पुन्हा मोजा. आकडा फारसा उतरला नाही, तर अडवणूक ग्रिलमागच्या हवा घेणाऱ्या नळीत आहे आणि महागडा फिल्टर तिथे काही करू शकत नाही.

स्टेज 1 रिमॅपनंतर (फक्त सॉफ्टवेअर बदलून) ओपन कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवायचा शंकूसारखा फिल्टर, बसवला. डायनोवर 9 एचपी वाढले, पण रस्त्यावर उन्हाळ्यात गाडी उलट जड वाटते. – वाचक, कराड

दोन्ही खरं असू शकतं. डायनोवर बॉनेट उघडं असतं आणि समोर मोठा पंखा असतो. कोन फिल्टरला याहून सुखाची जागा नाही. रस्त्यावर बॉनेट बंद, आणि फिल्टर गरम इंजिनाशेजारी उघडा.

ओबीडी डोंगल (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून इंटेकचं तापमान बघा. तुमच्या गाडीत एकापेक्षा जास्त सेन्सर असतील तर टर्बोच्या आधीचा निवडा, इंटरकूलरनंतरचा (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या भागानंतरचा) नव्हे. एप्रिलच्या दुपारी तासवडे टोलनाक्याच्या रांगेत दहा मिनिटं काढा आणि निघताना आकडा पाहा. बाहेर 35 अंश असताना आत 65 दिसले, तर हवेची घनता 9 टक्क्यांनी घटली. इंटरकूलर त्यातलं बरंच सावरतो, म्हणून थेट 9 टक्के पॉवर जात नाही. पण टर्बोला जास्त राबावं लागतं आणि नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी भडकणं) टाळायला ईसीयू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. तुम्हाला जाणवतो तो जडपणा हाच.

कंपनीचा मूळ डबा बहुतेक गाड्यांत पहिल्यापासूनच कोल्ड एअर इंटेक असतो. त्याची नळी ग्रिलमागून बाहेरची हवा घेते, प्लॅस्टिकचा डबा इंजिनाची धग अडवतो. तो काढून कोन लावायचा आणि मग धग अडवायला पत्र्याचं शील्ड विकत घ्यायचं, हा उलटा व्यवहार मला कधी पटला नाही. स्टेज 1 ला मूळ डबा आणि स्वच्छ फिल्टर बहुतेक गाड्यांत पुरतो. मोठा टर्बो टाकणार असाल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे हवेची मागणीच वाढते. 150 एचपीच्या इंजिनाला पूर्ण जोरात सेकंदाला साधारण 100 लिटर हवा लागते. तीच पॉवर 250 वर नेली की मूळ पाइप आणि डबा खरोखर आड येऊ लागतात. अशा गाडीत बंदिस्त डब्याचा चांगला इंटेक आणि त्यासोबत नवा मॅप हा पैसा वाया जात नाही.

आवाज आवडतो म्हणून घेतलात, तर माझी हरकत नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर येणाऱ्या त्या ‘फुस्स’साठी पैसे मोजणारे माझ्या ओळखीत आहेत आणि ते खूश आहेत. पॉवरच्या नावाखाली तो विकला जातो, त्याला माझा आक्षेप आहे.

धुऊन परत वापरायचा तेलाचा कॉटन फिल्टर आटपाडी-जत भागात चालेल का? वर्षातले आठ महिने आमच्याकडे धूळच असते. – वाचक, विटा

तुमच्या भागात मी तो लावणार नाही.

फिल्टर मोकळा करायचा साधा उपाय म्हणजे त्याची भोकं मोठी करणं. तेलाचा चिकटपणा त्याची भरपाई करतो, पण तेल योग्य प्रमाणात आणि सगळीकडे सारखं लागलं असेल तरच. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासते, टर्बोच्या पात्यांच्या कडा खाते. महामार्गाच्या रुंदीकरणाच्या पट्ट्यात किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्यांनाही हेच लागू. फिल्टर घेताना आयएसओ 5011 चाचणीत त्यानं किती टक्के धूळ अडवली, ते विचारा. विक्रेता फक्त हवा किती जास्त जाते तेवढंच सांगत असेल, तर पुढच्या दुकानात जा.

कॉटन आधीच लावला असेल तर घरच्या घरी तपासता येतं. फिल्टरच्या पुढच्या पाइपचा क्लॅम्प सोडा आणि पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. फडकं स्वच्छ आलं तर ठीक. तांबूस-करडी धूळ आली तर ती इंजिनात चाललीय. फिल्टरची कड डब्यात नीट बसलीय का, हेही तेव्हाच पाहा. कित्येकदा फिल्टर चांगला असतो आणि फट कडेला असते. फडकं तेलकट आलं तर तेल जास्त झालंय, आणि मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत ते त्याच्या तापलेल्या तारेवर बसून रीडिंग बिघडवतं. टर्बो गाडीत क्रॅंककेसच्या (इंजिनाच्या खालच्या भागाच्या) वाफेचं तेलही त्या पाइपात येतं, तेव्हा तेल कुठून आलंय ते बघून मगच फिल्टरला दोष द्या.

आणि कृपा करून कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेनं मारू नका. गॅरेजवाला फुकट करून देतो म्हणून सगळे करून घेतात. जोराच्या हवेनं कागद फाटतो, ते वरून दिसतही नाही. धुळीच्या भागात फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरच्या निम्म्यावर बदला.

जुनी होंडा सिटी आय-व्हीटेक, पसरणी घाटात पाचगणीकडे चढताना दमते. इंटेकनं फरक पडेल? – वाचक, वाई

पडणार नाही. वाई सुमारे 720 मीटरवर, पाचगणी 1,300 च्या जवळ. एवढ्या चढात हवेचा दाब साधारण 7 टक्क्यांनी उतरतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची पॉवर जवळपास त्याच प्रमाणात जाते. वर हवा गार असते, त्यानं एक-दोन टक्के भरून निघतात. महाबळेश्वरला आणखी थोडं कमी होतं. कुठलाही फिल्टर वातावरणात नसलेली हवा आणू शकत नाही. हे इंजिन वरच्या आरपीएमला जिवंत होतं, म्हणून घाटात एक गिअर खाली ठेवा. स्पार्क प्लग आणि क्लच एकदा दाखवून घ्या.

बंपरखाली, चाकाजवळ फिल्टर येणारा इंटेक बसवलाय. पावसात मारुती चौकात पाणी साचतं. धोका किती? – वाचक, सांगली

पुष्कळ. 2019 किंवा 2021 सारखा महापूर यायची गरज नाही, तासाभराचा जोरदार पाऊस पुरतो. एवढ्या खाली बसवलेला फिल्टर पाण्यात बुडाला की इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जून ते सप्टेंबर मूळ डबा परत बसवा. पाण्यात गाडी बंद पडली तर एकदाही स्टार्ट मारू नका, टो करून न्या. अर्धं नुकसान त्या दुसऱ्या स्टार्टनं होतं. साध्या विमा पॉलिसीत पाण्यानं गेलेलं इंजिन सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

इंटेक बदलल्यावर ॲव्हरेज वाढतं का? – बरेच वाचक

नाही. साध्या चालवण्यात पेट्रोल इंजिनाची हवा थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरनं उघडझाप होणारी) पाकळीच अडवत असते, तिच्यापुढे फिल्टरची अडवणूक किरकोळ. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं 2009 मध्ये मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून नव्या पद्धतीच्या इंजेक्शन गाड्या तपासल्या. इंधनात लक्षणीय फरक आला नाही, पिकअप मात्र घटला.

70 मिमीच्या जागी 76 मिमीचा पाइप टाकला आणि चेक इंजिन लाइट लागला. कोड पी0171. – वाचक, मिरज

मॅफ सेन्सर त्या नव्या पाइपात बसवला असणार. पाइपचं क्षेत्रफळ 18 टक्क्यांनी वाढलं, तेवढीच हवा हळू वाहते, आणि सेन्सर ती कमी आहे असं समजतो. ईसीयू त्या मानानं पेट्रोल कमी सोडतो. पी0171 म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. कोड पुसून पुसून चालवू नका, पूर्ण जोरात पातळ मिश्रणानं पिस्टन जातात. सेन्सर मूळ मापाच्या पाइपात परत बसवा किंवा नव्या मापासाठी मॅप करून घ्या. मिश्रण पातळ व्हायला गळकं होजही पुरतं, म्हणून आधी क्लॅम्प बघा.

वॉरंटी आणि आरटीओचं काय? – वाचक, सातारा

टर्बो किंवा इंजिन गेलं आणि वर कोन फिल्टर दिसला, तर सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारायला तिथूनच सुरुवात करतं. मूळ डब्यात बसणारा साधा पॅनेल (चपटा) फिल्टर असेल तर वाद कमी. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. रस्त्यावर तपासणीत लक्ष जातं ते आवाजाकडे, तेव्हा कर्कश सायलेन्सर आणि ओपन फिल्टर ही जोडी टाळलेली बरी. काहीही बसवलंत तरी काढलेला डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. क्लिपा, रबरी बुश आणि ग्रिलमागची नळी मोजून घरी आणा. गाडी विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच मागतो, आणि नवा घ्यायला गेलात तर त्याची किंमत ऐकून इंटेक स्वस्त वाटेल.