रील काढून टाकली म्हणून नाच सोडायचा का?

प्रश्न : माझी मुलगी बेळगावात सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे. वय १७. लहानपणापासून लावणी करते, आता कंटेम्पररीही शिकते. इन्स्टाग्रामने तिच्या सरावाच्या दोन रील्स ‘लैंगिक स्वरूपाचा मजकूर’ म्हणून काढून टाकल्या. तिला नाचातच करिअर करायचंय. तिचे बाबा म्हणतात, कंपनीलासुद्धा ते अश्लील वाटलं, आता बास. काय करू? – एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आधी बाबांच्या मुद्द्याचं बोलू, कारण घरात अडलंय ते तिथेच. अशा रील्सची पहिली छाननी बहुतेक वेळा माणूस करत नाही, संगणक करतो. उघडी त्वचा किती, शरीराची ठेवण कशी, यावर तो अंदाज बांधतो. तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट मी नीट पाहिले. नऊवारीतल्या लावणीला हातही लागलेला नाही. गेल्या त्या दोन्ही रील्स शॉर्ट्समधल्या, जमिनीवर लोळून करायच्या हालचालींच्या. फोन फरशीवर टेकवल्यामुळे पाय अगदी जवळ दिसतात. गुडघ्याला नीकॅप आहे, कडेला पाण्याची बाटली आहे. सराव चाललाय हे आपल्याला लगेच कळतं, यंत्राला कळत नाही.

असं तिच्या एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही. २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने पोल डान्सचे (उभ्या खांबाच्या आधाराने करायच्या नाचाचे) हॅशटॅग शोधात दिसेनासे केले आणि नंतर त्या नर्तकींची माफी मागितली. ब्राझीलमध्ये तर स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी पोस्टच यंत्राने नग्नता म्हणून उडवली होती. बाबांना हे उदाहरण जरूर सांगा. आणि लावणीबद्दलही त्यांच्या मनात किंतू असेल, तर यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तीही लावणीसाठीच, हेही सांगा.

आता रील्सचं. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट स्टेटस’ आहे. काय काढलं, खातं अनोळखी लोकांना सुचवलं जातं की नाही, हे तिथे दिसतं आणि फेरतपासणीही तिथूनच मागता येते. तिने खऱ्या वयाने खातं उघडलं असेल, तर अठराच्या आतलं खातं आपोआप खाजगी होतं. तेव्हा नव्या लोकांपर्यंत रील पोहोचत नाही याचं कारण निव्वळ तेवढंच असू शकतं. मी तर म्हणेन, सध्या ते तसंच राहू द्या. फेरतपासणीत नकार आला तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथेही समाधान झालं नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

पण ताई, माझी खरी काळजी वेगळी आहे. तिच्या कामाची एकमेव प्रत त्या खात्यावर असेल, तर ते मला चालणार नाही. एका रात्रीत खातं बंद पडू शकतं. मूळ व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे ठेवा. प्रवेशाच्या वेळी फॉलोअर्स कुणी मोजत नाही, समोर नाचून दाखवावं लागतं.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्यात पदवी घेता येते, पण तिथे कथक किंवा भरतनाट्यमचा पाया लागतो. लावणी आणि कंटेम्पररीच्या जोरावर तिथे निभणार नाही, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. बेळगावात गुरू शोधा आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या किंवा कर्नाटकच्या ज्युनिअर-सीनिअर नृत्यपरीक्षांना बसवा. म्हैसूरला गंगूबाई हनगल यांच्या नावाचं संगीत आणि प्रयोगकला विद्यापीठ आहे, आपल्याच राज्यातलं. लावणीवरच जीव असेल, तर पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. तुमचं गाव महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत असेल, तर महाराष्ट्रातल्या काही अभ्यासक्रमांना आपल्या मुलांसाठी वेगळी सोय असते. ती नृत्याच्या पदवीला लागू आहे का, हे फॉर्म भरण्याआधी प्रवेश कार्यालयात विचारून घ्या.

नुसत्या कार्यक्रमांवर घर चालणं कठीण, म्हणून बारावीचे मार्क सांभाळायलाच हवेत. शाळेत नृत्यशिक्षिका, नृत्यदिग्दर्शन, स्वतःचा क्लास, या वाटा पदवी असली की रुंद होतात.

बाबांना एकदा तिच्या क्लासला घेऊन जा, पूर्ण तासभर बसू द्या. आणि रील काढल्याच्या सूचनांचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, अपिलाला तेच लागतील.