विश्वाला सपाट पठार मिळालं होतं का?

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालो, विज्ञान बारावीपर्यंतच शिकलो. नातू एम.एस्सी. फिजिक्स करतो. परवा जेवताना म्हणाला, ‘आजोबा, स्ट्रिंग सिद्धान्त खरा असेल तर विश्वाचं सुरुवातीचं फुगणं, ते इन्फ्लेशन, कदाचित झालंच नसेल.’ मी तर वाचलं होतं की त्या सिद्धान्तात एकावर पाचशे शून्यं इतकी वेगवेगळी विश्वं बसतात. मग त्यात इन्फ्लेशनवालं एकही नाही? आणि ज्यात इतकं सगळं बसतं त्याला विज्ञान तरी कसं म्हणायचं?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : काका, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण गाठ तिथेच आहे. स्ट्रिंग सिद्धान्त म्हणतो की सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म तारांची कंपनं आहेत, आणि गुरुत्वाकर्षणही त्यातच बसतं. एकावर पाचशे शून्यं हा अंदाज अभ्यासकांनीच मांडलेला आहे. तो ऐकून मीही वर्गात कित्येक वर्षं सांगत आले की ज्यातून काहीही निघू शकतं, ते काहीच सांगत नाही. 2005 मध्ये हार्वर्डच्या कुमरुन वाफा यांनी प्रश्न उलटा फिरवला. कोणकोणती विश्वं शक्य आहेत हे मोजत बसण्याऐवजी त्यांनी विचारलं, कोणती होऊच शकत नाहीत? कागदावर नीट दिसणारी, पण क्वांटम गुरुत्वाकर्षण, म्हणजे सूक्ष्म कणांच्या नियमांत बसवलेलं गुरुत्वाकर्षण, आत आणलं की न टिकणारी जी विश्वं, त्यांना त्यांनी नाव दिलं ‘स्वॅम्पलँड’, म्हणजे दलदल. पावसाळ्यानंतर सिरपूर तलावाच्या काठाला गेलात तर हे नाव लगेच पटेल. लांबून सगळं सारखंच हिरवं दिसतं, आणि पाय टाकला की एखाद्या जागी काळ्या मातीत पोटरीपर्यंत रुततो.

दलदल ओळखण्याच्या काही खुणा सुचवल्या गेल्या. त्यांतली मला सगळ्यांत पटते ती 2006 ची : गुरुत्वाकर्षण हे सर्वांत दुबळं बलच असलं पाहिजे. जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडी असते, तेव्हा प्लास्टिकचा कंगवा केसांतून फिरवा आणि कागदाच्या कपट्यांवर धरा. खालून सबंध पृथ्वी ओढते आहे, वरून एक कंगवा, आणि कपटे कंगव्याला जाऊन चिकटतात. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना विजेच्या बलाने जेवढे दूर लोटतात, ते त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चारावर बेचाळीस शून्यं इतके पट आहे. या खुणेचं म्हणणं असं, की हा योगायोग नाही. ज्याच्यावर विजेची पकड गुरुत्वापेक्षा मोठी आहे असा निदान एक तरी कण प्रत्येक शक्य विश्वात असलाच पाहिजे, नाहीतर विद्युतभारित कृष्णविवरांना भार टाकून विरून जाण्याची वाटच राहत नाही.

आता तुमच्या नातवाचं बोलणं. तुम्ही आमच्या पिढीच्या आधीचे, म्हणजे खंडव्याची मीटरगेज गाडी तुमच्या चांगलीच परिचयाची असणार. लहानपणी आम्ही मावशीकडे अकोल्याला तिनेच जायचो. इंदूर ते महू सगळं पठार. हातातून निसटलेलं बोर डब्याच्या फरशीवर जागच्या जागी डुगडुगत राहायचं. पाताळपाणीला गाडी थांबायची. टंट्या मामाला, त्या भिल्ल क्रांतिकारकाला, सलाम, असं आई सांगायची. मग घाट लागायचा, ब्रेकचा जळका वास यायचा आणि तेच बोर बाकांखालून पुढे पुढे घरंगळत इंजिनाच्या दिशेला निघून जायचं.

इन्फ्लेशनला अगदी असंच पठार लागतं. 1981 मध्ये ॲलन गुथ यांनी ही कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी संथ उताराची आवृत्ती आली. विश्वभर पसरलेलं एक क्षेत्र ऊर्जेच्या पठारावरून हळूहळू सरकतं. ते वर आहे तोवर विश्व फुगत राहतं, अंतरं निदान एकावर सव्वीस शून्यं इतकी पट ताणली जातात. शेवटी घाट येतो, क्षेत्र खाली घसरतं, आणि त्याची ऊर्जा कणांत आणि उष्णतेत बदलते. पठार सपाट नसेल तर फुगणं लगेच आटोपतं.

2018 च्या जूनमध्ये वाफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी खूण सुचवली, ती नेमकी या सपाटीवर बोट ठेवते. ऊर्जा धन असेल तिथे उतार, ऊर्जेच्या प्रमाणात आणि प्लांक एककांत (निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांपासून बनलेल्या मापांत) मोजला तर, साधारण 1 च्या आसपास तरी हवाच. पठार चालणार नाही, सगळीकडे घाटच. आणि निरीक्षणं काय म्हणतात? इन्फ्लेशनच्या वेळी अवकाशात उठलेल्या आदिम गुरुत्वीय लहरींचं प्रमाण r या अक्षराने दाखवतात; उतार जितका जास्त, तितका r मोठा. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-केक दुर्बिणींनी 2021 मध्ये r हा 0.036 पेक्षा कमी असल्याचं दाखवलं. त्याला 8 ने भागा, वर्गमूळ काढा : 0.067. साध्या, एकाच क्षेत्राच्या इन्फ्लेशनमध्ये उतार याहून जास्त असू शकत नाही. एकीकडे 1, दुसरीकडे 0.067. नातू म्हणाला ते यावरून.

पण काका, ही खूण सिद्ध झालेली नाही, ती अटकळ आहे, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. त्याच वर्षी दाखवून दिलं गेलं की कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राच्या ऊर्जेच्या टेकडीच्या माथ्यावर उतार शून्य असतो, तेव्हा मूळ नियम तिथेच अडचणीत येतो. मग ऑक्टोबरमध्ये तो शिथिल केला : उतार हवा, किंवा माथा पुरेसा तीव्र वळणारा हवा. शिवाय 2003 मध्ये चौघांनी, त्यांत मुंबईच्या टाटा संस्थेचे संदीप त्रिवेदी होते, स्ट्रिंग सिद्धान्तात धन ऊर्जेचा स्थिर खळगा, जिथे तळाशी उतार शून्यच असतो, बांधायची रीत दिली होती. ती खरोखर टिकते का यावर आजही वाद चालू आहे. म्हणून कंगव्याची खूण आणि उताराची खूण एकाच तराजूत घालू नये. पहिलीवर मी माझा पगार लावेन, दुसरीवर नाही.

तरीही मी वर्गातलं ते जुनं वाक्य सोडून दिलं. 2019 मध्ये अलेक बेद्रोया आणि वाफा यांनी आणखी एक बंधन मांडलं : प्लांक लांबीहून, म्हणजे एक मीटरच्या सुमारे 1.6 भागिले एकावर पस्तीस शून्यं इतक्या अंतराहूनही लहान असलेली कुठलीही लहर ताणून क्षितिजापलीकडे, म्हणजे जिथून परत प्रकाशही पोचू शकत नाही तिथे, जाता कामा नये. नेहमीच्या इन्फ्लेशनला ते लावलं तर r एक भागिले एकावर तीस शून्यं याहूनही कमी निघतो, म्हणजे मोजताच येणार नाही इतका. उद्या कुणाला r सापडला, तर एकतर हे बंधन पडलं, नाहीतर इन्फ्लेशनचं साधं रूप. ज्या सिद्धान्तातून ‘हे होणार नाही’ असं निघतं, त्याला चुकण्याची जागा मिळते. मला तेवढं पुरतं.

उताराची खूण आजच्या विश्वालाही लागू होते. विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी डार्क एनर्जी कायमची स्थिर नसावी, असा त्याचा अर्थ. 2024 मध्ये लाखो आकाशगंगांचा नकाशा काढणाऱ्या देसी (DESI) प्रकल्पाच्या मोजमापांत ती बदलत असावी असा इशारा मिळाला, निर्णय अजून नाही.

जपानचा लाइटबर्ड उपग्रह r हजारात एक इतका बारीक मोजण्यासाठी आखलेला आहे. नातवाला सांगा, 0.036 च्या जागी 0.001 घाल आणि उतार किती उरतो ते हाताने काढून आजोबांना दाखव. दशांश चिन्हानंतर पहिलं शून्य येईल, मग 11.